रोममधल्या घरगुती त्रात्तोरियात जेवायला जाताना

रोमला जाणाऱ्या मराठी पर्यटकाच्या जेवणाची सोय साधारण दोन प्रकारे लागते. टूरबरोबर गेलात तर संध्याकाळी बस एखाद्या भारतीय हॉटेलापाशी थांबते आणि डाळ, पनीर, भात पुढ्यात येतो. स्वतःहून गेलात तर दिवसभर चालून दमल्यावर त्रेवी कारंज्याच्या किंवा व्हॅटिकनच्या आसपास जिथे खुर्ची दिसेल तिथे बसता, आणि ‘इटालियन जेवण म्हणजे हेच का ते’ असं पुटपुटत उठता. पोट दोन्हीकडे भरतं. राहून जाते ती त्या शहरातल्या लोकांची रोजची जागा, म्हणजे वस्तीतली, एका कुटुंबाने चालवलेली त्रात्तोरिया.

आपल्याकडच्या घरगुती खानावळीशी तिचं जवळचं नातं आहे. पदार्थ मोजके, चव त्या घराची, आणि आज काय शिजवायचं हे ठरवण्याचा हक्कही त्याच घराचा. गिऱ्हाइकाने मधूनच ‘यातलं हे काढा, ते घाला’ म्हणायला तिथे फारसा वाव नसतो. पण बसल्याबसल्या आपली अडचण नीट सांगितली आणि ‘आज काय चांगलं आहे’ असं विचारलं, तर तीच माणसं मनापासून सोय करतात. मराठी माणसाचं गाडं नेमकं इथेच अडतं. कुणी शाकाहारी, कुणी अंडं न खाणारं, कुणाला गोमांस चालत नाही, कुणाला कांदा-लसूण. म्हणून या लेखात तो भाग सविस्तर आहे आणि बाकीचं गरजेपुरतं. लेख रोमपुरताच आहे. इटलीत प्रांत बदलला की ताटही बदलतं.

वस्ती आधी, दुकान नंतर

कोलोसियमपासून पाच मिनिटांवर ‘अस्सल घरगुती’ जागा शोधत बसू नका. मिळतात, पण शोधण्यात संध्याकाळ जाते. त्यापेक्षा मेट्रोने थोडं बाहेर पडा. बी लाइनवर पिरामिदे स्थानकाला उतरलं की तेस्ताच्चो ही वस्ती चालत जाण्याच्या अंतरावर आहे, तिच्या पुढचं गार्बातेल्ला. ए लाइनवर सान जोव्हान्नी. आठ नंबरच्या ट्रामने मोन्तेवेर्देला जाता येतं. त्रास्तेवेरे हे नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि गल्ल्याही देखण्या आहेत, पण तिथल्या मुख्य रस्त्यांवरचे मेनू पर्यटकांचाच विचार करून छापलेले असतात.

दारात उभा राहून ‘हॅलो, इंडिया? कम, कम’ करणारा माणूस दिसला की सरळ पुढे चालू लागा. पदार्थांचे रंगीत फोटो, सहा भाषांतला मेनू, सकाळी अकरापासून रात्री बारापर्यंत अखंड उघडी पाटी, ही सगळी त्याच जातीची लक्षणं. लाल-पांढऱ्या चौकटीच्या टेबलक्लॉथला मात्र भुलू नका, तो दोन्हीकडे असतो. खात्रीच्या खुणा वेगळ्या: मेनू एका-दोन पानांचा किंवा फळ्यावर खडूने लिहिलेला, आठवड्यातून एक दिवस सुट्टी, दुपारी जेवण संपलं की शटर बंद, आणि आतून येणारा गलका इटालियनमध्ये. पुष्कळ दुकानांच्या नावात ‘दा’ आणि पुढे एखाद्या माणसाचं नाव असतं, म्हणजे ‘अमक्याकडे’. तो अमका आता हयात असेलच असं नाही. नातवंडं चालवत असतील.

त्रात्तोरिया आणि ओस्तेरिया यांत आज फारसा फरक उरलेला नाही, दोन्हीकडे बिनधास्त जा. ‘रिस्तोरान्ते’ लिहिलेलं असेल तर थोडा जास्त थाट आणि थोडे जास्त दर गृहीत धरा. पिझ्झा खायचा असेल तर पिझ्झेरियात जा. त्रात्तोरियात तो बहुतेक वेळा मिळतच नाही, आणि मिळाला तरी तिथलं खरं कसब दुसरीकडे असतं.

वेळ आणि टेबल

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच-तीन, रात्रीचं साडेसात-आठनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद. चार वाजता भूक लागली तर बारमध्ये, म्हणजे तिथल्या कॉफी-नाश्त्याच्या दुकानात, सँडविच खा किंवा तुकड्यावर मिळणारा पिझ्झा घ्या. त्रात्तोरियाचं दार वाजवून उपयोग नाही. रोमकर रात्री साडेआठ-नऊला जेवायला बसतात. आपल्याला ती वेळ अंगवळणी पडलेली असते, त्यामुळे इथे मराठी माणसाला जर्मन पर्यटकापेक्षा सोपं जातं. लहान मुलं किंवा म्हातारी माणसं बरोबर असतील तर साडेसातचं टेबल मागा. ते सहज मिळतं आणि वाढणाऱ्यांनाही तेव्हा उसंत असते.

रविवार दुपार म्हणजे तिथल्या कुटुंबांचं तीन पिढ्यांसकट बाहेर जेवणं, त्यामुळे आधी सांगून ठेवल्याशिवाय जाऊ नका. रविवारी रात्री किंवा सोमवारी पुष्कळ ठिकाणी सुट्टी असते. ऑगस्टमध्ये तर १५ तारखेच्या फेर्रागोस्तोच्या सणाला धरून दुकानं दोन-तीन आठवडे बंद ठेवून मालक गावाला जातात. दारावर ‘क्यूझो पेर फेरिये’ असा कागद दिसला तर समजा, मंडळी समुद्रावर आहेत.

टेबल फोनवरून राखून ठेवतात, आणि त्याच दिवशी सकाळी फोन केला तरी बऱ्याचदा चालतं. वाक्य एकच पाठ करा: ‘बुओनासेरा, वोर्रेई प्रेनोतारे उन तावोलो पेर क्वात्त्रो, स्तासेरा आल्ले ऑत्तो ए मेद्झा.’ म्हणजे आज रात्री साडेआठला चौघांसाठी टेबल. दुपारी फोन करत असाल तर सुरुवात ‘बुओनजोर्नो’ने. नाव विचारतील. कुलकर्णी किंवा सहस्रबुद्धे सांगून समोरच्याची परीक्षा पाहू नका. ‘मीना’, ‘अनिल’ असं दोन-तीन अक्षरी नाव द्या. फोनची भीती वाटत असेल तर दुपारी स्वतः जाऊन सांगून या. ते उलट जास्त चांगलं, कारण तोंडओळख होते आणि शाकाहाराची गोष्ट तेव्हाच कानावर घालता येते.

आत शिरल्यावर

‘बुओनासेरा’ म्हणा आणि दारापाशी थांबा. रिकामं टेबल दिसलं म्हणून जाऊन बसू नका. ते कुणासाठी तरी ठेवलेलं असतं. जो माणूस येऊन जागा दाखवतो तो बहुधा मालक, नाहीतर त्याची बायको, मुलगा, मुलगी. गल्ल्यावर बसलेल्या आजीबाई सगळ्यांवर लक्ष ठेवून असतात. त्यांनाही नमस्कारादाखल मान हलवा, पुढे बिलाच्या वेळी बरं पडतं.

रोममधले वाढपी गोड गोड बोलत नाहीत. कागद पुढ्यात टाकतात, ‘सांगा’ म्हणतात आणि निघून जातात. हा राग नसतो, तऱ्हाच तशी आहे. आणखी एक गोष्ट प्रवासवर्णनांत क्वचित येते: कुटुंब इटालियन असलं तरी रोममधल्या कित्येक स्वयंपाकघरांत बांगलादेशी किंवा इजिप्शियन हात राबत असतात. वाढणारा किंवा भांडी उचलणारा बांगलादेशी निघाला आणि त्याला हिंदी येत असली, तर ‘भाई, इसमें गोश्त तो नहीं?’ हा प्रश्न कुठल्याही भाषांतर-ॲपपेक्षा लवकर काम करतो.

बसल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. ‘नातुराले’ म्हणजे साधं, ‘फ्रिझ्झान्ते’ म्हणजे बुडबुड्यांचं. दोन्ही बाटलीत येतं आणि दोन्हीचे पैसे पडतात, मोठ्या बाटलीचे दोन-तीन युरो. फुकट ग्लास आणून ठेवण्याची पद्धत नाही. नळाचं पाणी रोममध्ये उत्तम असतं आणि रस्त्यावरच्या नळांना, ज्यांना तिथे ‘नासोनी’ म्हणतात, अखंड वाहत असतं. तरी टेबलावर बाटली मागवणंच रूढ आहे. दोन युरोंसाठी घासाघीस करू नका.

मग पावाची टोपली येते. बिलात त्याचे माणशी एक-दोन युरो लागतात. इटलीत इतरत्र ‘कोपेर्तो’ नावाची आकारणी असते, म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे. रोम ज्या लात्सिओ प्रांतात आहे तिथे २००६ च्या प्रांतिक कायद्याने ती लावायला मनाई आहे, म्हणून बिलावर ‘पाने’, म्हणजे पाव, असं लिहिलेलं दिसतं. पाव नको असेल तर टोपली ठेवायच्या आधीच नको म्हणायचं. पण घ्या. पुढे लागणार आहे.

मेनूचा क्रम

मेनू चार-पाच भागांत असतो. आन्तिपास्तो म्हणजे सुरुवातीचं तोंडी लावणं. प्रीमो म्हणजे पास्ता, भात किंवा सूप. सेकोन्दो म्हणजे मांस-मासे. कोन्तोर्नो म्हणजे भाजी, आणि ती वेगळी मागवावी लागते. सेकोन्दोच्या ताटलीत आपोआप येत नाही. शेवटी दोल्चे, गोड. सगळे भाग मागवलेच पाहिजेत असा काही दंडक नाही. रोमकरही रोज इतकं खात नाहीत. दोघं असाल तर एक आन्तिपास्तो वाटून, एकेक प्रीमो आणि मध्ये एक कोन्तोर्नो एवढं भरपूर होतं. मात्र चौघांनी दोन ताटल्या मागवून मध्ये ठेवायच्या आणि सगळ्यांनी चमचे घालायचे, ही आपली पद्धत पास्त्याला लावू नका. माणशी एक प्रीमो मागवा, मग एकमेकांच्या ताटातलं चाखलं तर कुणी काही म्हणत नाही.

पदार्थ सगळे एकदम आणत नाहीत. पहिली ताटली संपली की दुसरी. घाई असेल तर त्या दिवशी त्रात्तोरियात जाऊच नका.

मेनूवर नसलेले दोन-चार पदार्थ वाढपी तोंडी सांगतो. बाजारातून जे ताजं आलं ते यात असतं, म्हणून कान देऊन ऐका, आणि दरही तिथल्या तिथे विचारा. रोमच्या जुन्या प्रथेप्रमाणे गुरुवारी न्योक्की, म्हणजे बटाट्याचे मऊ गोळे, शुक्रवारी मासे, शनिवारी त्रिप्पा, म्हणजे गाईगुरांच्या पोटाची पिशवी. पुष्कळ घरगुती जागा हा वारांचा नेम अजून पाळतात. शाकाहारी असाल तर गुरुवार गाठा. टोमॅटोच्या रश्शातले न्योक्की मागता येतात.

छापील मेनूत दोन गोष्टी बारकाईने पाहायच्या. पदार्थापुढे चांदणी असेल तर तो गोठवलेल्या मालाचा असू शकतो. खुलासा पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. आणि मासा किंवा मोठा मांसाचा तुकडा ‘आल्लेत्तो’ दराने लिहिलेला असेल तर तो आकडा १०० ग्रॅमचा आहे. सहा युरोचा मासा म्हणून मागवायचा आणि बिलात छत्तीस बघून कपाळाला हात लावायचा, हा पर्यटकांचा नेहमीचा प्रसंग. आधी वजन विचारा.

रोमचे चार पास्ते

इथे येऊन पेन्ने इन व्हाइट सॉस शोधणं म्हणजे कोल्हापुरात जाऊन ढोकळा मागणं. रोमची ओळख चार पास्त्यांवर आहे आणि चारही एकाच कुळातले.

ग्रीचा: डुकराच्या गालाचं मीठ-मिरी लावून मुरवलेलं मांस, ज्याला ग्वान्चाले म्हणतात, ते त्याच्याच चरबीत कुरकुरीत करायचं आणि त्यात मेंढीच्या दुधाचं खारट पेकोरिनो चीज. त्यात टोमॅटो गेला की आमात्रिचाना. हे नाव आमात्रिचे या डोंगरातल्या गावावरून आलं. २४ ऑगस्ट २०१६ च्या भूकंपात ते गाव जवळजवळ जमीनदोस्त झालं. २०२० साली या पाककृतीला युरोपीय संघाची ‘पारंपरिक पदार्थ’ अशी अधिकृत नोंद मिळाली. ग्रीचात टोमॅटोऐवजी अंडं गेलं की कार्बोनारा. त्यात क्रीम नसतं; मऊपणा अंडं, चीज आणि पास्त्याच्या पाण्याचा. आणि मांस मुळातच वगळलं, फक्त पेकोरिनो आणि भरपूर काळी मिरी उरली, की काचो ए पेपे.

म्हणजे चारांपैकी तीन डुकराचे. ‘कार्बोनारा, पण विदाउट मीट’ अशी मागणी करू नका. ग्वान्चालेची चरबी हाच त्यातला रस्सा आहे, ती काढली की शिजवणाऱ्याच्या हातात काही राहत नाही. त्याऐवजी काचो ए पेपे मागा.

तिखटाची तलफ असेल तर पेन्ने आल्लार्राब्यात्ता: टोमॅटो, लसूण, लाल मिरची. हाही रोमचाच पदार्थ आणि यात मांस नसतं. आपल्या जिभेला तो तिखट म्हणून फार मोठा वाटणार नाही. ‘पेपेरोन्चीनो’ मागितलं की सुक्या मिरचीचा चुरा किंवा मिरचीचं तेल आणून देतात. पर्समधली चटणीची पुडी तिथे उघडू नका, निदान पहिला घास घेईपर्यंत तरी.

शाकाहारी मंडळींसाठी

नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून थांबू नका. मांसाचा तुकडा दिसत नाही म्हणजे पदार्थ शाकाहारी, असा हिशेब काही जणांचा असतो. अर्क, चरबी, खारवलेला मासा त्यात धरले जात नाहीत. पूर्ण वाक्य म्हणा: ‘सोनो वेजेतारियानो. नॉन मांजो कार्ने, नॉन मांजो पेशे.’ बाईने ‘वेजेतारियाना’ म्हणायचं. अंडं चालत नसेल तर ‘नॉन मांजो उओवा’ जोडा. दूध-चीज चालतं हे ‘लात्ते ए फोर्माज्जो सी’ म्हणून सांगा, नाहीतर तुम्ही व्हीगन आहात असं समजून चीजही काढून टाकतील.

आता फसवे पदार्थ. पुन्तारेल्ले हे हिवाळ्यातलं सुंदर कुरकुरीत सॅलड. त्याला लावलेल्या लसणाच्या वाटणात अँकोव्ही मासा असतो. भोपळ्याची तळलेली फुलं मोझ्झारेल्ला भरून येतात, आणि बहुतेकदा त्या चीजबरोबर तोच मासा. इटालियनमध्ये त्याची नावं ‘आलीची’ आणि ‘आच्चूगे’; मेनूत ही दोन नावं डोळ्यांत तेल घालून शोधा. सुप्ली हे भाताचे तळलेले गोळे, आत वितळलेलं चीज, पण तो भात पुष्कळदा मांसाच्या रश्श्यात शिजवलेला. घेवड्याच्या किंवा छोल्यांच्या सूपात डुकराची कातडी, खिमा किंवा अँकोव्ही असू शकते. मिनेस्त्रोने या भाज्यांच्या सूपासाठी ‘ब्रोदो’, म्हणजे अर्काचं पाणी, कशाचं ते विचारा. तळणीची कढईही बऱ्याचदा एकच असते; बटाटा आणि बाकालाचा मासा एकाच तेलातून निघतात. सोवळं पाळणाऱ्यांनी तळलेलं टाळलेलंच बरं.

मग खायचं काय? भाज्यांच्या, म्हणजे कोन्तोर्नीच्या पानावर या. चिकोरिया रिपास्साता ही किंचित कडू पालेभाजी, उकडून मग लसूण-मिरचीच्या फोडणीसारख्या तेलात परतलेली. पहिल्या घासाला आपलं माणूस भेटल्यासारखं वाटतं. हिवाळ्याच्या शेवटापासून वसंतापर्यंत कार्चोफी, म्हणजे आर्टिचोक, सोडू नका. ‘आल्ला रोमाना’ म्हणजे पुदिन्याच्या जातीचा पाला आणि लसूण भरून तेलात मंद शिजवलेले. ‘आल्ला जुदिया’ म्हणजे रोमच्या ज्यू वस्तीच्या पद्धतीने अख्खे तळून फुलासारखे उमलवलेले. भाजलेले बटाटे, परतलेली ढोबळी मिरची, उन्हाळ्यात वांगी. एक पास्ता, दोन कोन्तोर्नी आणि पाव एवढ्यात व्यवस्थित जेवण होतं, आणि खर्चही मांसाहारी ताटापेक्षा बराच कमी.

अंडं न खाणाऱ्यांनी पास्ता कुठला हेही विचारावं. सुका पास्ता, म्हणजे स्पागेत्ती, पेन्ने, रिगातोनी, साधारणपणे गहू आणि पाण्याचाच. ताजा, घरी लाटलेला, म्हणजे फेत्तुच्चीने आणि बऱ्याचदा तोन्नारेल्लीही, अंड्याचा असतो. काचो ए पेपे पुष्कळ ठिकाणी तोन्नारेल्लीवर देतात, तेव्हा ‘कोन स्पागेत्ती, पेर फावोरे’ म्हणून बघा. न्योक्कीच्या पिठात अंडं घालणारेही आहेत.

चीजचा मुद्दा नाजूक आहे, पण सांगायला हवा. पेकोरिनो रोमानो कोकराच्या पोटातून काढलेल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या विरजणाने, पार्मिजानो वासराच्या रेनेटने विरजतात. त्यांच्या संरक्षित नावाच्या नियमांतच ते आहे. ज्यांना हे चालत नाही त्यांनी ‘सेन्त्सा फोर्माज्जो’ म्हणून आर्राब्यात्ता किंवा ‘आल्यो, ऑल्यो ए पेपेरोन्चीनो’ घ्यावा, म्हणजे लसूण, तेल, मिरची. जैन कुटुंबांची कोंडी इथे होते, कारण काचो ए पेपेमध्ये कांदा-लसूण नाही पण रेनेटचं चीज आहे, आणि चीज नसलेल्या पास्त्यांत लसूण आहे. त्यांनी टेबल राखतानाच ‘सेन्त्सा आल्यो, सेन्त्सा चिपोल्ला’ सांगून, नुसत्या ऑलिव्ह तेल आणि ताज्या टोमॅटोचा पास्ता करून द्याल का, असं विचारावं. पाच मिनिटांचं काम असतं. आधी सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत, ऐन गर्दीत सांगितलं तर म्हणू शकतात.

युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे उपाहारगृहांना १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती द्यावी लागते. मेनूवर आकडे असतात, किंवा ‘आल्लेर्जेनी’ची वही मागता येते. तिच्यात अंडं, मासा, दूध, सुकामेवा कळतं. डुकराचं किंवा गाईचं मांस आणि चरबी त्या यादीत येत नाहीत, म्हणून वहीवर विसंबून न राहता तोंडी विचारायचंच: ‘चे कार्ने देन्त्रो?’, म्हणजे यात मांस आहे का?

मांसाहारी असाल तर

तेस्ताच्चोत रोमचा मोठा कत्तलखाना होता, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बांधलेला, १९७५ मध्ये बंद झाला. चांगले तुकडे श्रीमंतांकडे जायचे; शेपूट, आतडी, काळीज, जीभ हे ‘पाचवं चतकोर’ कामगारांच्या वाट्याला यायचं, आणि त्यातूनच या वस्तीचं जेवण घडलं. कोदा आल्ला व्हाच्चिनारा ही बैलाची शेपूट सेलेरी आणि टोमॅटोत कित्येक तास शिजते. वजडी-पाया आवडणाऱ्या माणसाला तेस्ताच्चोत आठवडा कमी पडेल.

गोमांस टाळायचं असेल तर ‘मान्झो’, ‘व्हितेल्लो’, ‘व्हितेल्लोने’ आणि ‘बोव्हीनो’ हे शब्द लक्षात ठेवा. साल्तिम्बोक्का हा गोंडस नावाचा पदार्थ वासराच्या मांसाचा आहे, वर डुकराचं हॅम. ‘रागू’, म्हणजे खिम्याचा रस्सा, म्हटलं की त्यात बहुधा गाय आणि डुक्कर दोन्ही. डुक्कर टाळायचं असेल तर ‘मायाले’, ‘ग्वान्चाले’, ‘पान्चेत्ता’, ‘प्रोशूत्तो’, आणि ‘स्त्रुत्तो’ म्हणजे डुकराची चरबी. दोन्ही नको असेल तर आब्बाक्क्यो, म्हणजे कोवळं कोकरू. ‘स्कोत्तादीतो’ म्हणून त्याच्या बरगड्या निखाऱ्यावर भाजून देतात, हाताने खायच्या. उन्हाळ्यात ढोबळी मिरची घातलेली कोंबडी मिळते. कोकणातल्या आणि गोव्यातल्या मंडळींनी बाकाला मागवावा, खारवलेला कॉड मासा पिठात बुडवून तळलेला.

खाताना

पास्ता आपल्याला कच्चट वाटेल. तो तसाच असतो, दाताला लागणारा. परत शिजवायला पाठवू नका. स्पागेत्ती सुरीने कापत नाहीत. माशाच्या पास्त्यावर चीज मागितलं तर वाढपी भुवया उंचावेल. ताटातला उरलेला रस्सा पावाने पुसून खाणं घरगुती जागेत खुशाल चालतं, ‘स्कार्पेत्ता’ म्हणतात त्याला. मी तर म्हणेन, स्वयंपाकघरापर्यंत पोचणारी पावती तीच. घरच्या वाइनची अर्धा लिटरची सुरई, ‘मेद्झो लीत्रो’, बाटलीपेक्षा पुष्कळ स्वस्त. वाइन घेतली नाही तरी कुणी वाकडं बघत नाही.

मुलांची काळजी करू नका. ‘पास्ता इन ब्यान्को’, म्हणजे लोणी किंवा तेल आणि चीज घातलेला फिका पास्ता, मेनूवर नसला तरी करून देतात, आणि ‘मेद्झा पोर्त्सियोने’ म्हटलं की अर्धी ताटली. उरलं तर ‘दा पोर्तारे व्हीया’ म्हणून बांधून मागता येतं.

आता गोड. तिरामिसूत कच्चं अंडं असतं आणि काही ठिकाणी दारूचे थेंब. पान्ना कोत्ताला घट्ट करणारं जिलेटिन प्राण्यांचं. अंडं आणि जिलेटिन दोन्ही टाळायचं तर हंगामातली फळं मागवा. त्यानंतर ‘उन काफ्फे’, म्हणजे एस्प्रेसोचा घोटभर पेला. जेवणावर कापुचिनो पीत नाहीत. मागितला तर देतील, पण तो न्याहारीचा पदार्थ. शेवटी कधी घरातर्फे आमारो किंवा लिमोन्चेल्लोचा छोटा पेला येतो. दारू पीत नसाल तर ‘ग्रात्सिये, नो’ म्हणून हसून परत करा.

बिल

बिल मागितल्याशिवाय येत नाही. तासभर रिकाम्या ताटल्यांसमोर बसलात तरी कुणी उठवणार नाही, आणि मागितल्याशिवाय बिल आणून ठेवणं तिथे ‘आता निघा’ म्हटल्यासारखं मानतात. म्हणा, ‘इल कोन्तो, पेर फावोरे.’ काही जागी गल्ल्यावर जाऊन द्यायचं असतं. कागदावर पाव, पाणी आणि पदार्थ तपासा. हाताने लिहिलेल्या बिलात बेरीज चुकते आणि दाखवली तर निमूट दुरुस्त करतात. पैसे दिल्यावर छापील ‘स्कोन्त्रीनो’, म्हणजे पावती, घ्या.

साधारण अंदाजासाठी: प्रीमो १० ते १४ युरो, सेकोन्दो १४ ते २०, कोन्तोर्नो ५ ते ७. शाकाहारी माणसाचं एक पास्ता आणि एक कोन्तोर्नो पाणी-पावासकट २० ते २५ युरोत भागतं, मांसाहारी ताट वाइनसकट ३५-४० पर्यंत जातं. टिप बंधनकारक नाही. जेवण आवडलं तर टेबलावर दोन-तीन युरो ठेवतात, टक्केवारीचा हिशेब कुणी करत नाही. बिलात ‘सेर्व्हित्सियो’, म्हणजे सेवेचा आकार, लावलेला असेल तर तेवढंही नको. कार्ड नाकारणाऱ्या दुकानदाराला जून २०२२ अखेरपासून दंडाची तरतूद आहे, तरी ‘मशीन बिघडलंय’ हे उत्तर अधूनमधून ऐकू येतं. खिशात पन्नासेक युरो रोख असू द्या. मित्रमंडळींत पैसे सारखे वाटून द्यायचे असतील तर ‘आल्ला रोमाना’ म्हणा. प्रत्येकाने काय खाल्लं याची वेगवेगळी बिलं मात्र मागू नका, सात जणांची सात बिलं करायला त्या आजीबाईंकडे वेळ नसतो.

परतीची मेट्रो साधारण रात्री साडेअकरापर्यंत असते, शुक्रवारी आणि शनिवारी दीडपर्यंत. दुरुस्तीच्या कामांमुळे कधी लवकरही बंद होते, तेव्हा जाताना स्थानकावरचा फलक वाचून ठेवा. चुकलीच तर ‘एन’ अक्षराच्या रात्रीच्या बस असतात, आणि टॅक्सी हवी असेल तर त्रात्तोरियातूनच फोन करून बोलवायला सांगा.